शरणप्पांचे डावे बोट

तगरवाडीचा कल कोणत्या पक्षाकडे आहे, हे निलंग्याच्या बाजारात कोणी विचारीत नसे. शरणप्पा कोणीकडे आहेत एवढे कळले की पुरे होई. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडण्याच्या सरकारी कामावर मुकादम होते. हजेरी मांडणारा माणूस ज्या पक्षाला चांगला म्हणतो तो चांगलाच असणार, असे गावाने तेव्हा ठरवले आणि पाऊस पडल्यावरही ते मत बदलण्याचे कष्ट घेतले नाहीत.

पुढे शरणप्पांनी किराणा दुकान टाकले, पण हजेरीची सवय सुटली नाही. मतदानाच्या दिवशी पूजा आटोपून, कपाळी भस्माचे पट्टे ओढून ते दारोदार फिरत. म्हाताऱ्यांना बैलगाडीत बसवीत. मतपत्रिकेची घडी कशी घालायची, ते वर्तमानपत्राच्या तुकड्यावर शिकवीत. आसपासच्या गावांत सर्वांत जास्त मतदान तगरवाडीत होई, आणि त्याचा मान शरणप्पांना मिळे. त्यांच्या स्वतःच्या डाव्या तर्जनीला मात्र त्या दिवशी चिंधी बांधलेली असे. कधी विंचू चावलेला, कधी अडकित्ता लागलेला. दर निवडणुकीला त्याच बोटावर संकट यावे, याचे कोणाला नवल वाटले नाही.

लातूर जिल्हा नवा झाला. त्यानंतरच्या पहिल्या विधानसभेला विरोधी पक्षानेही गावात प्रथमच पोलिंग एजंट बसवला. तो दगडोबा शिंपी. खडूच्या खुणा करून कापड बेतणारा हा माणूस शाळेत मतदारयादी घेऊन बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे तितक्याच नेटकेपणाने खूण करीत गेला. दुपारी चारच्या सुमारास तो शाळेच्या दारात आला आणि ओसरीवर बसलेल्या शरणप्पांना म्हणाला,

"आप्पा, समदं गाव येऊन गेलं. एकच ऱ्हायलाय. एकशे अठरा नंबर."

"कोण हाय त्यो? आत्ता धरून आणतो!"

"शरणप्पा मलप्पा. धरा की."

ओसरीवरची मंडळी हसली. यादी चुकली असेल, असेही दोघे-तिघे म्हणाले. शरणप्पा आत गेले आणि शाई लावणाऱ्यापुढे त्यांनी उजवा हात धरला.

"डावा," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"डाव्याला लागलंय."

"चिंधी सोडा."

चिंधी सुटली. बोट धडधाकट होते.

मग खरे ते बाहेर आले. डाव्या हाताच्या तळव्यावर रोज गळ्यातले इष्टलिंग घेऊन पूजा करायची. त्याच हाताला सरकारची काळी शाई कशी लावून घ्यायची? उजव्याला लावा, हवी तर दोन बोटांना लावा, अशी त्यांनी विनंती केली. केंद्राध्यक्षांनी पुस्तिका उघडून नियम वाचला. डाव्या हाताला एकही बोट नसेल, तरच उजवा हात चालतो.

"आप्पा, अडकित्ता आणू का?" दगडोबाने अदबीने विचारले.

एवढ्यात शरणप्पांची बायको शिवकांता दारात येऊन उभी राहिली. तिने आपला डावा हात पुढे केला. सकाळची शाई वाळून काळी पडली होती.

"अवो, हे बगा. दर येळी तुमीच धाडता. सबंद गल्ली याच हातानं पूजा करतीय. आमचा देव काय हलका हाय?"

गल्लीतली तीस-चाळीस काळी बोटे दाराशी गोळा झाली होती. शरणप्पांनी डोळे मिटून डावा हात पुढे केला. मतपत्रिका घेऊन ते पडद्याआड गेले, आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "शिक्का नावावर मारायचा का चिन्हावर?"

त्या दिवशी तगरवाडीतील एकही हयात मतदार मागे राहिला नाही.

पुढच्या निवडणुकीला शरणप्पांनी सकाळी सातलाच मत दिले आणि मग, बोट न झाकता, नेहमीप्रमाणे फेरी सुरू केली. पहिलेच घर गुंडप्पांचे. गुंडप्पा बाजेवर पडून होते. ते उठले नाहीत.

"गुंडप्पा, चला. मत म्हंजे आपलं कर्तव्य हाय."

"आप्पा, तुमी इतकी वर्सं न्हाई गेलात," गुंडप्पा कूस बदलीत म्हणाले. "सरकार अडलं का?"

शरणप्पा पुढच्या दाराकडे वळले. तेथेही हाच प्रश्न त्यांची वाट पाहत होता. संध्याकाळी पेटीला सील लागले, तेव्हा निम्मे गाव घरीच होते.