उलट फिरणारी मोटार

जळालेला ट्रान्झिस्टर नाकाशी धरायचे, डोळे मिटून हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "डिझाइन बराबर हाय. माल खराब आल्ता."

मस्तगड भागात आमच्या शेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही चूक केली नाही. चुका मालाने केल्या, लाइटवाल्यांनी केल्या आणि उरल्यासुरल्या मी केल्या, कारण वायरी मी विकायचो. असा निर्दोष माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तो तुम्हीच असाल, जरा तपासून बघा.

पोरीच्या बाबतीतही त्यांचं डिझाइन बराबरच होतं. तिने अंकुशनगरच्या एका फिटरशी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हा ह्यांनी भर गल्लीत सांगितलं, "माझं दार तिला बंद. मी म्हणल्याबिगर उघडायचं न्हाई." आत वहिनी रडत होत्या आणि हे बाहेर कुणाचा तरी टेपरेकॉर्डर खोलून बसले.

त्यानंतर दोन वर्षांनी गणपतीत मंडळाने देखावा ठरवला. मंदिराची दारं आपोआप उघडणार, दर्शन होणार, दारं मिटणार. त्यासाठी भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटार आणली. ती सुलट फिरली की दार उघडायचं, उलट फिरली की मिटायचं. कार्यकर्ते म्हणाले, एकजण बटण धरून बसेल.

"बटण?" हे हसले. "मी बोर्ड डिझाइन करतो."

तांब्याचा थर असलेल्या पाटीवर ऑइलपेंटने रेघा ओढल्या, नको तेवढं तांबं रसायनात बुडवून काढलं आणि चार ट्रान्झिस्टर बसवले. दोन सुलट जायचे, दोन उलट यायचे.

मी म्हणालो, "जाण्यायेण्याच्या मध्ये जरा थांबा ठेवा. चारही एकदम चालू झाले तर करंट मोटारीत न जाता आरपार जाईल."

"तू वायरी इक," ते म्हणाले.

फट् झालं. हुंगलं. माल खराब निघाला. नवे बसवले, पुन्हा फट्. सगळ्या गल्लीला जळक्या वासाची सवय झाली. मग एका सकाळी बोर्डावर गुपचूप एक कंडेन्सर येऊन बसला आणि मोटार दम घेऊन उलट फिरू लागली.

"हे आधीपासूनच डिझाइनमधी होतं," मला सांगितलं. मी कोपरापासून हात जोडले.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी पोरगी आली. कडेवर लेकरू. घरी नाही, मांडवात. वहिनींनीच चोरून निरोप धाडला होता. मला म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना येवढंच म्हणायला लावा, ये म्हणून."

मी मूर्तीच्या मागे गेलो. हे बोर्डापाशी उकिडवे बसले होते. दारं उघडली आणि समोरच्या गर्दीत ती दिसली. दारं मिटायच्या आत ह्यांनी वायर ओढून काढली.

दारं उघडीच अडकली, लोक ओरडायला लागले. "डिझाइन चुकलं माझं," हे मोठ्यांदा म्हणाले. अख्ख्या गल्लीने ऐकलं. जळका वास मात्र कुठेच नव्हता.

"अहो, बाहेर जा. बोला तिच्याशी," मी म्हणालो.

"दिसून राह्यली ना. बास झालं."

ती बराच वेळ तिथेच उभी होती. मग सासरी जायला अंबडची गाडी गाठायची म्हणून निघाली. तेव्हा मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. भंगारातल्या मोटारीला माघारी वळायला शिकवणाऱ्या ह्या शहाण्याला चार पावलं पुढे येणं जमलं नाही.

उन्हाळ्यात ते गेले, दुकानातच, बसल्या जागी. पोरगी आली तेव्हा घराची दारं सताड उघडी होती, आत बायका जमल्या होत्या. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पायरीवर मी उभा होतो.

"काका, अप्पा म्हणले होते का, ये म्हणून?"

"म्हणले होते," मी सांगितलं.

ती आत गेली.