आपला आणि आमचा

ग्रुपमधल्या ठेकेदार मंडळींनो, आज माझ्या तोंडून एक शब्द गेला आणि तेव्हापासून घास गोड लागत नाहीये.

घोडबंदर रोडच्या साइटवर नवे आर्किटेक्ट आलेले. टाइल्सचं काम करणारे माझे मित्र महेशदादा सोबत होते. एरवी ते मला "अगं पोरी" म्हणतात, पण आर्किटेक्टपुढे म्हणाले, "या पल्लवी मॅडम. वॉटरप्रूफिंग यांच्याकडूनच करून घ्या."

मग मी त्यांची ओळख करून दिली, "आणि हा आमचा टाइल्सवाला."

दादांची मानपाड्याला स्वतःची फर्म आहे. आर्किटेक्टना ते माझ्याकडे कामाला आहेत असं वाटलं. "मग टाइल्सचंही तुम्हीच बघा," ते मला म्हणाले. मी तिथेच सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. खरं सांगते, तेवढा वेळ मोठं झाल्यासारखं वाटलं आणि ते मला आवडलं.

खाली आल्यावर विचारलं, "दादा, चहा?"

"नको मालकीणबाई, निघतो." म्हणाले हसतच, पण चहा न घेता ते कधी निघालेले नाहीत.

धंदा मी घरीच, बाबांकडून शिकले. तेही "आपला टाइल्सवाला" म्हणायचे. त्यांच्या 'आपला'मध्ये तो माणूसही आपल्यातलाच असायचा. माझ्या 'आमचा'मध्ये दादांना जागाच नव्हती.

आता आधी आर्किटेक्टना फोन करून खरं सांगणार आहे, मग दादांना. तुम्ही दादांच्या जागी असता, तर माझ्याकडून पहिलं वाक्य काय ऐकावंसं वाटलं असतं?