बाबांच्या बाभळीची साल

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट कमी आणि किस्से जास्त. रिझल्ट वहीत लिहावे लागतात, किस्से आपोआप साठतात. त्या दिवसांत मला धड जेवण जात नव्हतं, पण आज सांगायला बसले की सगळे हसतात. मीही हसते, जरा उशिरा.

उल्हासनगरच्या कॉलेजात मी आणि कविता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट असा: झाडांच्या साली वाळवायच्या, कुटायच्या, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, तो सुकवायचा आणि जंतू वाढवलेल्या प्लेटमध्ये पाडलेल्या भोकात टाकायचा. जंतू मेले तर अर्काभोवती स्वच्छ गोल दिसतो, तो झोन. झोन नाही आला तर वर्ष गेलं, असं मी माझ्यापुरतं ठरवूनच टाकलं होतं.

*

कविता सिंधी, बाजार तिच्या पायाखालचा. अर्जुनाची साल आणायला ती मला ओळखीच्या दुकानात घेऊन गेली.

"किसके लिए चाहिए, बेटा?" दुकानदाराने विचारलं.

"बॅक्टेरिया के लिए, अंकल," ती घाईत बोलून गेली.

"सुबह खाली पेट देना. आराम पड़ेगा!"

*

अर्जुनाचा पहिलाच झोन इतका मोठा आला की मी पेढे आणले! आमच्या गाईड मॅडमनी प्लेट उजेडात धरली. शेजारच्या भोकात नुसतं अल्कोहोल होतं, तुलनेसाठी ठेवलेला कंट्रोल. त्याच्याभोवतीही तेवढाच गोल! आम्ही अर्क नीट सुकवलाच नव्हता.

"साल काही करत नाहीये, अल्कोहोल मारतंय," मॅडम म्हणाल्या आणि एक पेढा उचलला. "पुन्हा करा."

नीट सुकवून पुन्हा केलं. झोन गायब.

*

मग मला सगळीकडे गोलच दिसायला लागले. घरी टेबलावर चहाच्या कपाचा डाग पडला, तोही मी पट्टीने मोजला. कविताला फोनवर सांगितलं, तर म्हणते, "कंट्रोल लगाया था क्या?"

*

उरली बाभूळ. ती बदलापूर गावातल्या आमच्या बांधावरची, साल बाबांनी स्वतः काढून दिली. नेमका तेव्हाच त्यांचा गाल सुजला. दाढ किडलेली, अंगात ताप, आणि हे बाभळीच्या काढ्याने चुळा भरत बसलेले.

"तुझा रिपोर्ट येऊ दे," ते म्हणाले. "माझी बाभूळ पास झाली तर डॉक्टर कशाला?"

म्हणजे झोन आला तर बाबा डॉक्टरकडे जाणार नाहीत, नाही आला तर माझं वर्ष जाणार. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवताना देवाकडे नेमकं काय मागावं तेच कळेना. मला खरंच रडू येत होतं.

"तू कुछ मत माँग," कविता म्हणाली. "रहने दे."

*

दुसऱ्या दिवशी प्लेट काढली. सोळा मिलिमीटर! कंट्रोलभोवती काहीच नाही. मॅडमनी पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली.

घरी बाबा ओट्यावर गाल धरून बसलेले. "काय आलं?"

"शून्य, बाबा."

ते उठले. आत जाऊन शर्ट घालून आले. संध्याकाळी डॉक्टरांनी दाढ काढली.

सकाळी मी लॅबमध्ये रीडिंग लिहीत होते, तर दारात बाबा! गाल अजून सुजलेला, हातात सालीने भरलेली गोणी. थेट मॅडमसमोर जाऊन हात जोडले.

"मॅडम, चूक माझी हाय. घाईत सुकल्या फांदीची साल दिली मी. ही बुंध्याची हाय, ताजी. पोरीला नापास करू नका."

मॅडमनी माझ्या वहीतल्या सोळाच्या आकड्याकडे पाहिलं. मग बाबांच्या गालाकडे. मग माझ्याकडे.

"ठेवा इथे," त्या बाबांना म्हणाल्या. "पुन्हा करू."