रंजीताचा पाय सुटतो ते वळण

रंजीता मडावीला झोपेत रस्ता दिसतो. माणसं नाहीत, घरं नाहीत. आलापल्लीहून तिच्या गावाकडे जाणारी लाल मातीची वाट, दोन्हीकडे सागवान आणि पानांतून गळणारं ऊन, एवढंच. गाडीचा आवाजसुद्धा नसतो, ती नुसती तरंगत जाते. सकाळी तिची आई सोमारी तक्रार करते, "रातभर खाटेवर पाय मारून राह्यली होती." रंजीता हसते. झोपेतही आपण ब्रेक फारसा दाबत नाही, एवढी तिला खात्री आहे.

तिचे वडील चैतू त्या वाटेवर वीस वर्षं सवारीची जीप चालवत. लहानपणी रंजीता त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायची, गिअरच्या दांडीला पाय लागू नये म्हणून. तिला अठरा पूर्ण होऊन लायसन मिळालं आणि त्याच सुमारास चैतूंचा उजवा गुडघा कुरकुरू लागला, तशी जीप लेकीच्या हाती आली. बाजाराला जाणाऱ्या बायकांनी आधी नाकं मुरडली. "पोट्टी कुठीतरी पाडन आपल्याले," म्हणाल्या. महिनाभरात त्याच बायका तिची जीप आल्याशिवाय हलेनात. आपल्या माणसांना वळायला एवढाच वेळ लागतो.

गावाआधीच्या चढावर मोहाच्या झाडाखाली वाटेचा देव आहे. मूर्ती नाही, देऊळ नाही. आल्यागेल्यानं ठेवलेल्या डहाळ्यांचा आणि दगडांचा एक ढीग आहे. तिथं प्रत्येक गाडी थांबते, चालवणारा उतरतो, एक हिरवी डहाळी ठेवतो आणि मग पुढे जातो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. चैतूंचा पाय तर ढीग दिसायच्या आधी, अलीकडच्या वळणावरच ॲक्सिलेटरवरून सुटायचा. पुढे रंजीताचाही तिथंच सुटू लागला.

चंद्रपूरच्या खुशालभाऊंची गाडी एकदा आलापल्लीच्या पुढे बंद पडली आणि ते रंजीताच्या जीपमध्ये बसले. त्यांचं गॅरेज होतं. तरुणपणी कच्च्या रस्त्यांवरच्या मोटार शर्यतींत त्यांनी हाडं खिळखिळी करून घेतली होती. आता त्यांनी स्वतः एक शर्यतीची गाडी बांधली होती आणि तिच्यासाठी ते चालवणारी मुलगी शोधत होते. पहिल्या दोन वळणांत त्यांनी समोरची दांडी गच्च धरली, तिसऱ्यात सोडली, आणि उतरताना भाडं द्यायच्या आधी फोन नंबर दिला.

तीन महिने रंजीता दर शनिवारी एसटीनं चंद्रपूरला गेली. हेल्मेट, छातीवरून येणारे पट्टे, मातीत गाडीचं मागचं अंग मुद्दाम घसरवत वळण घेणं, सगळं ती भुकेल्यासारखी शिकली. शेवटी निवडीचा दिवस आला. पाच मुली आणि जागा एक. प्रत्येकीला शहराबाहेरच्या माळावर दोन फेऱ्या, त्यातली जी वेगवान ती धरायची. जी निवडली जाईल ती वर्षभर शर्यतींत गाडी चालवणार, बाकीच्या घरी जाणार. रंजीताला जीपचा कंटाळा नव्हता. पण त्या वाटेवर गुरं होती, सायकली होती, म्हातारे हात करत होते. तिथं ती कधीच मनासारखी पळाली नव्हती. स्वप्नातल्यासारखं एकदा तरी जागेपणी जायचं होतं तिला.

पहिल्या फेरीत तिनं धूळ उडवली. तिसऱ्या वळणाला एका झाडाखाली ढीग दिसला आणि पाय सुटला. नुसता सुटला नाही, ब्रेकवर गेला. गाडी थांबली. हात पट्टा सोडायला लागला तेव्हा कुठे तिला कळलं आपण कुठे आहोत ते. कडेला उभ्या मुली फिदीफिदी हसल्या. ती पाचांत पाचवी आली.

खुशालभाऊ धावत आले. "काऊन थांबली वो? गाडीत काई खराबी?"

तिनं खरं ते सांगितलं. खुशालभाऊ हसले नाहीत. "रस्त्याची गिट्टी आहे ती, बाई. परवाच ट्रकनं टाकली. आता अर्धा घंटा आहे तुह्यापाशी."

रंजीतानं वडिलांना फोन लावला. गावात रेंज फक्त चढावर मिळते, म्हणजे लागेल याची आशा नव्हती. पण फोन लागला आणि मागं जीपची घरघर ऐकू आली. लेक नाही म्हणून चैतू दुखऱ्या गुडघ्यानं सवारी घेऊन निघाले होते.

"बाबा, माहा पाय सुटला." मग तिनं सगळं सांगितलं.

"तिथी देव आहे का?"

"नाई. गिट्टी होय. पण पाय आयकत नाई."

चैतूंनी जीप बंद केली. मग म्हणाले, "मी इथीच उभा आहो. तुह्या नावाची डहाळी मी टाकतो. रोज टाकीन. तू थांबू नको."

दुसऱ्या फेरीत तिसरं वळण आलं. झाड आलं, ढीग आला. पाय जागचा हलला नाही. आणि मग आवाज गेला. इंजिन गर्जत असणारच, पण तिला ऐकू येईना. उन्हात तरंगणारी तांबडी धूळ तेवढी होती आणि तिच्या पुढे कुणीच नव्हतं, हात करणारं म्हातारं माणूसही नव्हतं.

खुशालभाऊ घड्याळ नाचवत गाडीकडे पळत आले. पाचांत पहिली, तीही दोन सेकंदांनी. मुलींनी टाळ्या वाजवल्या. रंजीता हेल्मेट काढेना. आत ती हमसून रडत होती. जागा मिळाली म्हणून रडत होती, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या बापाला त्या चढावर एकटं सोडून आपण पुढे निघून आलो म्हणूनही रडत होती.