नट मी आवळला होता

पेद्रू गेला ही बातमी मला कसालच्या स्टँडवर कळली. मुलीकडे दोन दिवस राहून मी मालवणला परत निघालो होतो. मालवणहून आलेली गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि मला बघून जवळ आला. "तुमी हंय आसात? मगे तुमका कोणी सांगूक नाय?" एवढंच म्हणाला. तेवढ्यावरूनच मला समजलं. महिनाभर पेद्रू अंथरुणाला खिळला होता. त्याच्या छातीचा विकार बरा होणारा नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. तरीही स्टँडवरच्या बाकावर मी किती वेळ बसून राहिलो, कोण जाणे. मालवणची गाडी आली तशी निघूनही गेली... मी पुढच्या गाडीने पोचलो तेव्हा चर्चमधून लोक बाहेर पडत होते आणि बंदरावर एकही इंजिन चालू नव्हतं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या मनात आलं आणि ज्याने त्याने आपली होडी थांबवली.

मालवणात त्याला सगळे पेद्रू मिस्त्री म्हणत. माझ्यासाठी तो नुसता पेद्रू होता. आम्ही एकाच वयाचे. एका होडीवर मी सुकाणू धरलं आणि त्याने इंजिन सांभाळलं, अशी आमची अकरा वर्षं गेली. त्याआधी तो मुंबईच्या गोदीत बोटींच्या इंजिनांवर काम करत होता. वडील गेल्यावर आईसाठी परत आला, तो कायमचा. मी तेव्हा शिडाची होडी चालवायचो. किनाऱ्यावर इंजिनाची भाषा नुकतीच सुरू झाली होती. मी हट्टाने दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलं, वर डोलकाठीही उतरवून ठेवली. इंजिन आल्यावर शीड कशाला, अशी मला घमेंड. होडीच्या बुडाला भोक पाडून लोखंडाचा दांडा बाहेर काढलेला बघून बंदरावरचे म्हातारे हसले. त्या भोकातून दर्या आत येईल, असं त्यांचं म्हणणं.

ते अगदीच चुकीचं नव्हतं. इंजिनापासून निघालेला दांडा, म्हणजे शाफ्ट, होडीच्या मागच्या टोकातून बाहेर जातो आणि पाण्यात पंखा फिरवतो. तो जिथून बाहेर पडतो तिथे पितळेची एक डबी असते. डबीत शाफ्टाभोवती चरबीत भिजवलेल्या सुती दोरीची वेटोळी ठासून बसवतात. त्याला पॅकिंग म्हणायचं. वरून झाकण आणि ते दाबून धरायला दोन नट. दर्या आणि होडी यांच्यामध्ये काय ती तेवढीच दोरी. पहिल्या दिवशी पेद्रूने मला खाली नेऊन ते सगळं दाखवलं. इंजिन चालू होतं आणि डबीतून एकेक थेंब पडत होता. मी म्हटलं, "गळता मरे ह्यां!"

तो हसला. "गळाकच व्हया. मिनटाक आठ-धा थेंब पडले म्हणजे शाफ्ट बरो चल्लो. एकय थेंब पडाक नाय तर समज, भितर आग लागली. ह्या नटांक तू हात लावू नुको, दत्ताराम. सुकाणू तुजा, नट माजे."

मी मान डोलावली. पण खरं सांगायचं तर ते माझ्या गळी उतरलं नव्हतं. माझे वडील, आजोबा होडीला राळ आणि काथ्या लावून जन्मभर पाणी बाहेर ठेवत आले, आणि हा मला सांगतो पाणी आत येऊ दे... त्याच्यासमोर बोललो नाही इतकंच.

पुढच्या वैशाखात आचऱ्याला एक लग्न होतं. नवरा मालवणचा. सड्यावरून, कातळाच्या पठारावरून जाणारा रस्ता तेव्हा धड नव्हता, म्हणून वऱ्हाड माझ्या होडीने न्यायचं ठरलं. सकाळी बंदरावर बावीस माणसं, पेट्या, तांब्या-पितळेची भांडी, शिवाय आचऱ्याचे एक दुकानदार आपला माल घेऊन आले, तेही बसले. नवऱ्याचे मामा भाऊशेट, बाजारपेठेत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते होडीत पाय ठेवताच वाकून खाली बघू लागले. इंजिन सुरू होतं, बुडाला वीतभर पाणी साठलं होतं आणि त्यात टपटप थेंब पडत होते. "काय रे दत्ताराम, इंजिनाची होडी म्हणान घेऊन चल्लंस आणि ती गळता? पोरी-बाळी आसत हो!" सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघायला लागलं. पेद्रू तेव्हा गुडघाभर पाण्यात उभा राहून बायकांना हात देऊन वर चढवत होता. मी खाली उतरलो, पाना घेतला आणि दोन्ही नट दीड-दीड फेरा आवळले. थेंब थांबला. वर येऊन मी भाऊशेटना म्हटलं, "बघा, एक थेंब नाय." ते खूश झाले. मीही झालो.

सर्जेकोटचे खडक उजव्या हाताला दिसायला लागले तेव्हा जळक्या दोरीचा वास आला. पेद्रू उडी मारून खाली गेला आणि पुढच्याच क्षणी ओरडला, "बंद कर! इंजिन बंद कर!" इंजिन थांबलं. खालून वाफ येत होती. शाफ्ट इतका तापला होता की त्यावर पाणी पडलं की चरचरत होतं. आतलं पॅकिंग जळून कोळसा झालं होतं आणि त्या फटीतून आता दर्या सरळ आत येत होता, धार लागल्यासारखा. मी नांगर टाकला, पण तळ खडकाळ, तो धड धरेना. पश्चिमेचा वारा नुकताच सुटला होता आणि होडी हळूहळू खडकांकडे सरकत होती. शीड नाही, डोलकाठी नाही... ती मीच उतरवून ठेवली होती. बायका रडायला लागल्या. भाऊशेट उभे राहून देवाचं नाव घेत होते.

पेद्रूने वर बघितलं. माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "रडू नुकात. होडी बुडाची नाय. भांडी आसत मां तुमच्याकडे? पाणी उपसा. मिया सांगीसर थांबू नुकात." मग लग्नाच्या आहेराची नवी कोरी पातेली आणि घागरी बाहेर निघाल्या. नवऱ्यानेसुद्धा मुंडावळ्या काढून ठेवल्या आणि पातेलं घेतलं. पेद्रूकडे पॅकिंगची दोरी होती, पण ती दोनच वेटोळ्यांपुरती. त्याने दुकानदाराला विचारलं, "शेट, मालात काय आसा?" साखर, काडेपेट्या, मेणबत्त्या आणि स्टोव्हच्या वाती. "वाती खंय?" तो म्हणाला, आणि त्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू बघितलं.

गुंफलेल्या सुताच्या, करंगळीएवढ्या जाड वाती. तापलेल्या इंजिनावर त्याने पत्र्याचा डबा ठेवला, त्यात मेणबत्त्या मोडून टाकल्या, कोणाच्या तरी सामानातलं खोबरेल ओतलं आणि त्या मिश्रणात वाती बुडवून ठेवल्या. मग झाकण ढिलं करून जळकी दोरी आकड्याने ओढून काढायला लागला. ती निघाली तसं पाणी दुप्पट जोराने आलं. बावीस माणसं वाकून उपसत होती, कोणाला दुसऱ्याकडे बघायची फुरसत नव्हती. पेद्रू खाली बसलेला, कमरेपर्यंत पाण्यात, एक गाल इंजिनाला टेकलेला, दोन्ही हात आत. नुसत्या बोटांनी चाचपून काम चाललेलं. शाफ्टाभोवती वात गुंडाळून मोजायची, टोक तिरकं कापायचं, वेटोळं आत सारायचं, लाकडाच्या तुकड्याने ठोकायचं. एकाचा सांधा वर आला तर दुसऱ्याचा खाली, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. मी नांगराच्या दोरीवर उभा राहून खडक किती जवळ आले ते बघत होतो. त्यांच्यावरची कालवं एकेक करून दिसायला लागली होती.

"चालू कर," तो म्हणाला. "सावकाश."

इंजिन सुरू झालं, मी नांगर ओढून घेतला. पंखा फिरला. होडी खडकांपासून बाजूला वळली तेव्हा मागचं अंतर एका वल्ह्यापेक्षा जास्त नसेल. आचऱ्याच्या खाडीत आम्ही शिरलो आणि मुहूर्त टळला नाही. लग्न लागलं. चिंब भिजलेल्या धोतरात नवरा बोहल्यावर उभा राहिला, यावर आचऱ्याचे लोक पुढे कित्येक दिवस हसत होते.

पण भाऊशेट हसले नाहीत. जेवणाच्या पंगतीत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मिस्त्रीला काम येत नाही, त्याने आम्हाला बुडवलंच होतं. पेद्रू अंगणाच्या कडेला उभा होता. मी पंगतीत बसलो होतो. माझा घास हातात तसाच राहिला... आणि मी काही बोललो नाही. परत येताना होडीतही नाही. आता बोलू, मग बोलू, असं करता करता आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत दोन होडीवाल्यांनी पेद्रूला निरोप पाठवला, इंजिनाला हात लावायला येऊ नकोस म्हणून. त्याची आई बाजारात गेली तर लोक तिला विचारायचे, तुमच्या मुलाने काय केलं म्हणे.

नवव्या दिवशी आम्ही होडी ओढून किनाऱ्यावर घेतली. जळक्या पॅकिंगने शाफ्टावर चरे पडले होते, ते घासून गुळगुळीत केल्याशिवाय नवं पॅकिंग टिकणार नव्हतं. पेद्रू सकाळपासून वाळूत बसून घासत होता. येणारे-जाणारे थांबून टोमणे मारत होते. एकाने विचारलं, "मिस्त्री, परत कोणाच्या लग्नाक जातलंस?" पेद्रूने हातातलं पॉलिशचं कापड उलटं केलं आणि घासत राहिला. मला ते बघवेना. मी वाळूतून तसाच उठलो, हाताची ग्रीस न धुता बाजारपेठेत गेलो आणि भाऊशेटच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "नट मिया आवळले. पेद्रून माका हात लावू नुको म्हणान सांगल्यान होतां. तुमी बोललात म्हणान मिया आवळले. तो नसतो तर आपण कोणच आज हंय नसतो."

भाऊशेटनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "मगे त्याच दिवशी कित्याक बोलाक नाय?"

"लाज वाटली."

ते गल्ल्यावरून उठले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर बंदरावर आले. भर बंदरात त्यांनी पेद्रूचे दोन्ही हात धरले. त्यांचा पांढरा सदरा काळा झाला. ते मोठे माणूस होते, हे मी तेव्हा कबूल केलं आणि आजही करतो.

सगळे गेल्यावर मी पेद्रूला विचारलं, "तुका ठावक होतां मां?"

"डबी बघताच कळलां. नटावर माजी खूण होती, ती दीड फेरो फुडे गेली होती."

"मगे सांगूक कित्याक नाय?"

त्याने कापड बाजूला ठेवलं. "तू सांगतलंस ह्यां माका ठावक होतां. किती दिवस लागतले, तां मात्र ठावक नव्हतां." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "ह्यो दांडो धर. दुसरी बाजू घासूक व्हयी."

पुढे किनाऱ्यावर इंजिनं वाढत गेली आणि पेद्रूचं नावही. आरोंद्याच्या खाडीत गाळामुळे पॅकिंग महिनाभरही टिकत नसे. तिथले लोक त्याला न्यायला यायचे. एकदा होडीवाल्यांच्या शिबिरात एका साहेबांनी त्याला विचारलं, की ही गळती तुम्ही पूर्ण बंद का करत नाही? पेद्रूने उभं राहून कचेरीतल्या शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "साहेब, ती पूर्ण बंद केली की काय होतं, ते हे दत्ताराम अधिक चांगलं सांगतील," आणि खाली बसला. मला उठून सगळी हकीकत सांगावी लागली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. तोवर ती गोष्ट सांगायला मला लाज वाटेनाशी झाली होती. हे त्याचं देणं.

तो गेल्यावर सहा आठवड्यांनी, पावसाळ्याआधी होड्या वर घ्यायची वेळ आली. पॅकिंग बदलायला कोणाला बोलावू, असं माझा मुलगा विचारत होता. मी म्हटलं, मीच करतो. इतक्या वर्षांत मी नुसतं बघत आलो होतो, तो एक दिवस सोडला तर हात कधी लावला नव्हता. पेद्रूच्या घरामागे त्याची अवजारांची खोली आहे. त्याच्या बायकोने, मारी वहिनीने, तिला अजून कुलूप लावलेलं नाही. मिस्त्री लोक येतात, हवं ते नेतात, काम झालं की आणून ठेवतात. भिंतीवर प्रत्येक अवजाराचा खिळा ठरलेला. मी आकडा घेतला, दिवसभर खपून पाच वेटोळी बसवली. पहिलं दोनदा चुकलं, टोक आखूड कापलं गेलं. संध्याकाळी आकडा परत न्यायला गेलो तेव्हा खोलीत तेलाचा आणि चरबीचा तोच वास होता. आकडा पुसून खिळ्याला अडकवला. स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, "कोण तां?"

"मिया, दत्ताराम."

"जाग्यार ठेवलात मां? ते वरसून बघतत हां."

मी मागे वळून पुन्हा एकदा खिळा बघितला. आकडा उलटा अडकवला होता. तो काढला आणि सरळ लावला.

"ठेवलंय, वहिनी."