काडेपेट्यांच्या खालची ओळ

नाशिक जिल्ह्यात एकही भिंत सरळ नाही, असं आमच्या आतोबांचं ठाम मत आहे आणि ते त्यांनी स्वतः ओळंबा लावून सिद्ध केलेलं आहे. लासलगावपासून घोटीपर्यंत ज्या ज्या नातेवाइकाच्या घरात, मंगल कार्यालयात नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी आपला प्रोजेक्टर मांडला, तिथल्या भिंतीला आधी नावं ठेवली आणि मगच तिच्यावर चित्र पाडलं. गंगापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटची वास्तुशांत होती, त्या दिवशी गुरुजी होमासाठी विटा मांडत होते, तेवढ्यात आतोबांनी हॉलच्या भिंतीशी दोरी धरली, एक डोळा मिटला आणि जमलेल्या पाहुण्यांदेखत जाहीर केलं, "उजवीकडं अर्धा इंच कललेली हाय. बिल्डरला सांगून ठेव." नव्या घराचा माझा आनंद त्या दिवशी जो अर्ध्या इंचानं खाली बसला, तो अजून वर आलेला नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उभा जन्म लासलगावात काढला आणि त्यातली तीस-पस्तीस वर्षं एका वजनकाट्यावर. कांद्याने भरलेले ट्रॅक्टर बाहेर काट्यावर चढायचे आणि आतोबा आत खिडकीशी बसून आकडा वाचायचे. तो आकडा ते कधीही घाईनं वाचत नसत. ड्रायव्हरला खाली उतरवायचे, ट्रॉलीवर चढून बसलेल्या पोरांना उतरवायचे, आणि एकदा तर ट्रॉलीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं म्हणून मागे सात ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असताना त्यांनी ते कुत्रं उठेपर्यंत काम थांबवलं होतं. कुत्र्याला हाकलायचं त्यांच्या मनात आलं नाही, हेही खरं. "काटा ठरल्याबिगर वजन वाचायचं नाय," हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, पण ब्रीद सुटलं नाही, आणि पुढे ते सगळंच्या सगळं प्रोजेक्टरच्या वाट्याला आलं.

आत्या गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी प्रोजेक्टर घेतला. साधाच, पांढरा, कडेला पिवळट पडलेला, कुणीतरी वापरून विकायला काढलेला. ज्या माणसानं घरात टीव्हीसुद्धा बातम्यांपुरता लावला, त्याला हे काय सुचलं म्हणून आम्ही सगळे चाट पडलो. माझे वडील, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, एवढंच म्हणाले, "जाऊ दे. रिकामं घर खायला उठतं." तेव्हापासून आमच्या नात्यात बारसं असो, साखरपुडा असो की कुणाचा निवृत्तीचा समारंभ असो, फोटो दाखवायचे म्हटलं की आतोबा बोलावल्यासारखे हजर. बहुतेक वेळा न बोलावताच. एका खांद्याला प्रोजेक्टरची पिशवी, दुसऱ्या खांद्याला कडक इस्त्री केलेली पांढरी चादर, तीसुद्धा घडीची रेघ पडू नये म्हणून काठीला गुंडाळलेली. मुहूर्त अकराचा असला की हे आठला येऊन टेबल हलतं का ते बघणार.

टेबल हलायचंच. घोटीला एका साखरपुड्यात टेबलाचा एक पाय आखूड निघाला. आतोबांनी पुठ्ठे घालून पाहिले, पाटी घालून पाहिली, पत्रिकांचा गठ्ठा घातला, तरी चित्र आपलं एका बाजूला उतरतंच आहे. शेवटी ते मुलीकडच्या स्वयंपाकघरात शिरले आणि शेरभर तांदूळ मागून आणले. ते एका कापडी पिशवीत भरून, तोंड शिवून, उशीसारखे प्रोजेक्टरखाली दिले. मशीन असं बसलं की ज्याचं नाव ते. मुलाकडच्या मंडळींना वाटलं हा मुलीकडचा काही कुळाचार असावा, म्हणून एका म्हातारीनं येऊन त्या उशीला हळद-कुंकू वाहिलं. आतोबांनी वाहू दिलं. ती घोटीच्या तांदळाची उशी, कुंकवाच्या डागासकट, पुढे प्रत्येक कार्यात त्यांच्याबरोबर फिरली.

बरं, सुरू करण्याचं जसं शास्त्र तसं बंद करण्याचंही. मशीनचा दिवा विझला तरी आतला पंखा चालू असतो. तो आपण होऊन थांबल्याशिवाय वायर ओढायची नाही आणि मशीन जागचं हलवायचं नाही. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात प्रोजेक्टरचं टेबल नेमकं दाराच्या तोंडाशी होतं. पाठवणीची वेळ झाली, बहीण रडायला लागली, सगळे रडायला लागले, आणि आतोबा टेबलाशी हात आडवा करून उभे. "पंखा चालू हाय अजून. दोन मिनिटं." दोन मिनिटं संपेपर्यंत नवरीचं रडू ओसरलं होतं आणि ती मला विचारत होती, पंख्याचं नेमकं काय असतं. इतकं करून हे स्वतः काही बघायचे म्हणाल तर तेही नाही. चित्र एकदा ठरलं की आतोबा बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचे. "माझं काम चित्र पाडण्यापर्यंत. बघायचं तुम्ही."

पण ते ठरायच्या आधी यायची यादी. फोकस जुळवायचा तर अक्षरं लागतात, चेहऱ्यावर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरही आहे. त्यासाठी त्यांनी अक्षरं निवडली होती ती आत्याची. किराणा सामानाच्या यादीचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यामुळे आमच्या घराण्यातलं प्रत्येक मंगलकार्य आठ फुटी किराणा यादीनं सुरू होतं. समोर फेटे बांधलेले व्याही बसलेत, आणि भिंतीवर हळूहळू धुक्यातून वर येतंय: तूरडाळ दोन किलो. शेंगदाणे एक किलो. हळद पाव. साबण, पिवळा नको. उदबत्ती. काडेपेट्या. नवीन पाहुणे गोंधळायचे. एकदा एका विहीणबाईंनी न राहवून विचारलं, "पिवळा का नको?" आतोबांनी लेन्सवरचा हात न काढता, मान न वळवता उत्तर दिलं, "अंगाला खाज यायची तिच्या."

काडेपेट्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं. अगदी फिकट. माझा भाऊ म्हणायचा ती कागदाच्या घडीची रेघ आहे, मला तो तेलाचा डाग वाटायचा. आतोबा मात्र तिथंच घुटमळायचे. वरची अक्षरं केव्हाच लख्ख झालेली असायची, लोक कंटाळून चहाला उठायचे, आणि हे आपले लेन्सची कडी केसभर इकडे, केसभर तिकडे. "अजून थोडं. ठरलं नाय अजून." आम्ही आपसात खूप हसायचो. मीही हसलो आहे.

हसणं थांबलं ते घोटीहून परत येताना. तांदळाची उशी त्यांच्या मांडीवर होती, बस घाट उतरल्यासारखी हिंदकळत होती, आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती शेवटची ओळ वाचता येत नाय रे." आत्यानं ती यादी दिली, त्या आठवड्यातच ती गेली. आतोबांनी दुकानात कागद देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवला होता, घरी सामानाचा ताळा करायला. सवयच तशी. दुकानात उजेड कमी, त्यात त्यांच्याच हाताची सावली खालच्या कडेवर पडलेली. शेवटची ओळ तिनं मागाहून पेन्सिलीनं लिहिली असावी. दुकानदारानं हळदीची पुडी त्याच कागदात बांधून दिली आणि आत्यानं तो कागद चुलीत घातला. "सगळं आणलं. ताळा केला. ती काही बोलली नाय. नंतर फोटो नीट बघितला तं खाली एक ओळ. मोबाइलवर मोठी केली की नुसते चौकोन दिसतात. म्हणलं भिंतीवर मोठी करून बघू." मग उशी मांडीवर नीट करत ते म्हणाले, "तिनं मागितलेली एक वस्तू राहिली. कोणती, तेच ठाव नाय."

त्यानंतर मला त्यांच्या लासलगावच्या घरातल्या फळीचा उलगडा झाला. त्या फळीवर जिऱ्याच्या तीन पुड्या होत्या, सुयांची पाकिटं होती, एक खोबऱ्याची वाटी, एक न उघडलेली कंगव्यांची जोडी. अंदाजानं आणलेल्या वस्तू. "जिरं नसंल," मला म्हणाले, "जिरं एवढं लांब नसतं. दोन शब्द हायेत." एक माणूस घरात बसून वर्षानुवर्षं बायकोच्या मनातली वस्तू ओळखत होता. जिवंतपणी हे कुणी केलं असेल, मला माहीत नाही. मी तरी केलेलं नाही.

यंदा वडिलांची पंचाहत्तरी केली. गंगापूर रोडवरच छोटा हॉल घेतला, दुपारचं जेवण, त्याआधी जुने फोटो आणि जेवणानंतर बच्चेकंपनीसाठी एक सिनेमा. माझी मुलगी पुण्याहून येताना नवा प्रोजेक्टर घेऊन आली. जेवणाच्या डब्याएवढा. आतोबा आठ वाजता हजर होतेच. त्यांनी भिंतीला ओळंबा लावला, चादर सोडली, पिशवीतून तांदळाची उशी काढली. तेवढ्यात मुलीनं तो डबा टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. चित्र आधी तिरकं पडलं, मग त्याचं ते चारही कोपऱ्यांनी सरळ झालं, धुरकट होतं ते त्याचं ते स्पष्ट झालं. पंधरा सेकंद लागले असतील. "झालं आजोबा," ती म्हणाली, "याला काहीच करावं लागत नाही." आतोबा उशी हातात घेऊन उभे होते. "हुशार हाय," ते म्हणाले, आणि उशी परत पिशवीत घालायला लागले. मला इतकं वाईट वाटलं की मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "आतोबा, यादी राहिली. यादीशिवाय आपल्याकडे कधी सुरू झालंय का?" मग सगळेच म्हणाले, यादी लावा, यादी.

आतोबांच्या मोबाइलवरून त्या नव्या डब्यावर यादी लागली. त्या जुन्या पिवळट उजेडात आजवर पाहिलेली यादी आणि ही यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. भिंतभर, दुधासारखी पांढरी, आणि अक्षरं काळी कुळकुळीत. आतोबा टेबलाशी, भिंतीपासून फार जवळ. माझी आई मात्र मागच्या रांगेत पंख्याखाली बसली होती. आत्याचं अक्षर तिच्या ओळखीचं, दोघी नणंद-भावजयांनी तरुणपणी एका वहीत गाणी उतरवलेली. घरातली कुठलीही यादी वाचावी तशी ती सहज मोठ्यानं वाचत गेली, तूरडाळ, शेंगदाणे, हळद, साबण, उदबत्ती, काडेपेट्या, आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "जमल्यास सिनेमा."

आईचा हात तोंडावर गेला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "तिच्या लग्नाआधी दर रविवारी सिनेमाला जायची माझ्याबरोबर."

आतोबांनी भिंतीकडे पाहिलं. मग मागे येऊन आईच्या खुर्चीशी उभे राहून पाहिलं. ओठ हलले. परत टेबलाशी गेले आणि मशीनला हळूच बोट लावून ते थोडं सरकवलं. ओळ धुरकट झाली. क्षणभरात मशीननं ती पुन्हा आपली आपण स्पष्ट केली. त्यांनी पुन्हा सरकवलं, मशीननं पुन्हा जुळवून दिलं. ज्या ओळीसाठी त्यांनी भिंती पालथ्या घातल्या, ती आता त्यांनी पुसट करायची आणि त्या डब्यानं ऐकायचं नाही, असं दोन-तीनदा झालं. मुलगी पुढे व्हायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. शेवटी आतोबांनीच हात काढून घेतला. "ठरलं," ते म्हणाले.

जेवणानंतर पोरांचा सिनेमा लागला. हत्तीच्या पिल्लाचा, कार्टूनचा, हिंदीत. मी व्हरांड्यात पाहिलं तर आतोबा तिथं नव्हते. ते आत होते, चौथ्या रांगेत, मांडीवर तांदळाची उशी. शेजारच्या खुर्चीवर कुणाचं तरी पोर बसायला आलं तर त्याला म्हणाले, "हितं नको बाळा, पलीकडं बस." शेवटपर्यंत उठले नाहीत.

संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. लासलगावची बस लागलेली होती. तिच्याकडे चालत जाताना ते म्हणाले, "तिला नसता आवडला हा. हत्ती कुठं हिंदी बोलत असतो?"

मी हसलो. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले. मागचा माणूस घाई करत होता, पण काटा ठरल्याशिवाय आतोबा कधी काही बोललेले नाहीत.

"पण गेलो असतो," ते म्हणाले, "तं घरी येईस्तोवर मला बोलत राहिली असती."

मग ते वर चढले आणि खिडकीची जागा सोडून कडेच्या जागेवर बसले.