देवीच्या तराजूवर मीनाचं वजन

१९७८ सालच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, सकाळचे नऊ. सतरा किलो साखर. हजर माणसं पाच — मी, माझी पत्नी सावित्री, माझी आई, देवळाचे पुजारी गोविंदकाका आणि आमची सहा वर्षांची मीना.

एवढं नेमकं लिहितो, कारण त्यापुढचं मला नेमकं सांगता येत नाही. अंगात येणं, कौल, उतारा... मी यातलं काही मानत नव्हतो. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क. उसाच्या गाड्या तोलण्यात तेव्हा बारा वर्षं गेली होती. वजन कुणाच्या श्रद्धेने हलत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

आमचं गाव मॉरिशसमध्ये, लालमतीच्या पुढे. गावाबाहेर उसाच्या कडेला देवीचं लहान देऊळ आहे. पत्र्याचं छप्पर, आत शेंदूर फासलेले सात दगड आणि बाहेर आंब्याच्या फांदीला टांगलेला मोठा तराजू. लाकडी दांडा, साखळ्यांना दोन फळ्या. आमचे पूर्वज मजुरीच्या करारावर इथे आले तेव्हा सरदार, म्हणजे मुकादम, शिध्याचा तांदूळ कमी तोलून द्यायचा. एका बाईने चिडून तो तराजूच कालव्यात फेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो या आंब्याला लटकलेला, आणि कोरडा! तेव्हापासून तो देवीचा, आणि खोटं तोलत नाही, असं सगळे सांगतात. मूल आजारी पडलं की त्याच्या भाराची साखर नवसाला बोलायची. मूल बरं होऊन स्वतःच्या पायांनी देवळाला पाच फेरे घालेल, त्या दिवशी तोलायचं. आधी नाही.

मीना ऑगस्टपासून आजारी होती. ताप जाईना, खाल्लेलं अंगी लागेना. आधी जवळच्या सांत्र द फ्लाक गावचे डॉक्टर झाले, मग मोठं हॉस्पिटल. आई मला न विचारता साखर बोलली. नोव्हेंबरात चार दिवस ताप आला नाही. पाचव्या दिवशी मी म्हणालो, तोलून टाकू. ऊसतोड संपत आली होती. कारखाना बंद झाला की नोकरांना मिळणारी साखरही बंद. आणि देवाला बोललेलं नव्या वर्षात ओढत न्यायचं मला पटत नव्हतं.

"अरे सदू, पोरगी चालते कुठे अजून?" आई म्हणाली.

"फेरे मी घालतो, तिला खांद्यावर घेऊन."

"पाय तुझे, दुखणं तिचं. असं कुठे असतं होय?"

"देवीला साखरेशी मतलब, आई."

"सगळं तुझ्या काट्यासारखं वाटतं तुला," ती म्हणाली.

त्या सकाळी मी मीनाला कारखान्याच्या लहान काट्यावर उभं केलं. बरोबर सतरा. साखरेच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चौतीस पुड्या बांधल्या. मोजायला सोपं.

देवळात गोविंदकाका हसले. "काय क्लार्कबाबू, देवीकडून पावती घेणार ना?"

"घेईन की. सही तुम्ही करणार की ती?"

मीनाही हसली. मी तिला खांद्यावर घेऊन पाच फेरे घातले. "पापा, दुस्मां... हळू," ती माझे केस धरून म्हणत होती. काका फेऱ्यांकडे बघत होते, पण त्यांनी मला अडवलं नाही. अडवलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं.

मीना फळीवर साखळी धरून बसली. मी दुसऱ्या फळीवर पुड्या ठेवत गेलो. दहा. पंधरा. वीस. एकविसावीला तिची फळी हलली. तेविसाव्या पुडीला दांडा सरळ झाला आणि तसाच राहिला.

तेवीस पुड्या म्हणजे साडेअकरा किलो. टोपलीत अजून अकरा होत्या.

मी म्हणालो, दांडा वाकलाय. मीनाला उतरवलं आणि दोन्हीकडे अकरा-अकरा पुड्या ठेवल्या... सरळ. तिला दुसऱ्या फळीवर बसवलं. पुन्हा तेवीस. चोविसावी ठेवली तर मीना वर गेली आणि तिला गंमत वाटली. "आंकोर, पापा! आणखी!"

सावित्री म्हणाली, "पुरे झालं, उतरवा तिला."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "उरलेल्या घरी न्या, सदाशिव."

"नवस सतराचा आहे, काका."

"नवस पोरीच्या भाराचा आहे."

मी ऐकलं नाही. चौतीसच्या चौतीस पुड्या दगडांपुढे ठेवल्या. दुपारी मीनाला परत कारखान्याच्या काट्यावर उभं केलं. सतरा.

रविवारी ताप आला.

पुढचे तीन महिने हॉस्पिटलमध्ये गेले. दर शुक्रवारी नर्स तिला तोलायची आणि पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर आकडा लिहायची. सोळा. साडेचौदा. तेरा. मी तो कागद वाचायचं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आकड्यावरून नजर फिरवली. सावित्रीला मी सांगायचो, औषध बदललंय, आता अंग धरेल. ती मान हलवायची.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मीनाला उभं राहता येईना. नर्सने तिला उचलून घेतलं, दोघींचं मिळून वजन केलं, स्वतःचं वजा केलं आणि दुसरीला मोठ्याने सांगितलं, "ओंज किलो एद्मी." साडेअकरा.

सावित्रीने माझा हात धरला. "अहो, ऐकलंत?"

"ऐकलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीना गेली.

डॉक्टर म्हणाले, हे दुखणं पहिल्यापासून असंच जाणारं होतं. असेल. मी त्यानंतर कारखान्याची लोखंडी वजनं नेऊन तो तराजू तीनदा तपासला. पाव किलोचाही फरक नाही. साखळ्या पाहिल्या, फळ्या उलट्या करून पाहिल्या. थांबलो असतो, ती चालेपर्यंत वाट पाहिली असती, तर दांड्याने सतरा दाखवले असते का? की तिला चालताच येणार नव्हतं आणि तराजूला ते माहीत होतं? आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. हे घडून आता बरीच वर्षं झाली, उत्तर माझ्याकडे नाही... आणि मिळेल असंही आता वाटत नाही.

मीनाची शवपेटी गावातल्या सुताराने केली; इथे आमच्यातही पेटीतूनच नेतात. लहान माप, म्हणून त्याने निम्मेच सांगितले, ऐंशी रुपये. मी एकशे साठ दिले. तो ऐंशी परत करायला लागला, तेव्हा मी त्याची मूठ मिटली आणि म्हणालो, पूर्ण घे.